पंखाच्या बुडाशी भरलेली पुट्टी

बाबांना लकवा मारला तो दिवाळी होऊन आठवडा झाल्यावर. सकाळी नळाशी दाढी करत होते. हातातलं रेझर पडलं, ते उचलायला वाकले आणि तिथेच बसले. आईने मला फोन केला. "तुहे बाबा बोलून राह्यले, पण मले काईच समजून नाई राह्यलं," एवढंच ती म्हणाली. मी नागभीडलाच शाळेत विज्ञान शिकवते. माझं घर त्यांच्या घरापासून स्कूटीवर पाच मिनिटं. गाडी करून आम्ही त्यांना चंद्रपूरला नेलं. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवसांत पाय परत आला, वाकडं झालेलं तोंड बरंचसं सरळ झालं. उजवा हात मात्र दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा खांद्याला लटकत राहिला.

"पहिले सहा महिने महत्त्वाचे," डॉक्टर म्हणाले. "बोटांना रोज बारीक काम द्या. नंतर जे येईल ते फार हळू येईल. कदाचित येणारही नाही."

त्या दिवसापासून मी महिने मोजायला लागले.

बारीक काम म्हणून आईने ताटात लाखोळी आणि हरभरा मिसळून बाबांपुढे ठेवला. दाणे वेगळे करायचे. बाबांनी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने ताट लोटून दिलं. "मी का बालवाडीत हाव?" ते म्हणाले. शब्द जड, ओढत येत होते, पण राग अगदी स्पष्ट होता. दाणे पलंगाखाली गेले. आई केरसुणी घेऊन आली.

माझे बाबा विमानाचे मिस्त्री होते. आमच्या गावातून आयटीआय करणारे ते पहिले. त्यानंतर उत्तरेकडच्या एका शहरात, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका खासगी संस्थेत ते हेल्पर म्हणून लागले आणि वरच्या जागेवरून निवृत्त झाले. तिथली दोन माणसांची छोटी शिकाऊ विमानं उडण्याआधी तपासायची, बिघडलं तर उघडायची, परत बंद करायची, हे त्यांनी तीसेक वर्षं केलं. घरी मात्र त्यांनी त्या कामाबद्दल कधी फारसं सांगितलं नाही. मी लहानपणी विचारायची, "बाबा, विमान कसं असतं आतून?" तर ते म्हणायचे, "तारा असतात, सळ्या असतात. आपल्या बैलबंडीपेक्षा थोडी गुंतागुंत जास्त." बस्स.

म्हणून जानेवारीत मी फोनवरून एक प्लास्टिकचं मॉडेल मागवलं. ते ज्या जातीच्या विमानावर काम करत, तसलंच. खोक्यात करड्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि चौकटींना फळांसारखे लटकलेले तुकडे: अर्धं धड, दुसरं अर्धं धड, पंख, शेपटी, तांदळाच्या कणीएवढे भाग. बाबांनी खोकं उघडून कितीतरी वेळ नुसतं पाहिलं. मग डाव्या हाताने पंखाचा तुकडा उचलून नाकाजवळ नेला आणि त्याची धार पाहिली.

"हे कोन करनार?"

"आपण दोघं," मी म्हणाले.

"तुले येते का?"

"नाही येत."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्याकडून एका जाड कागदावर चार रकाने आखून घेतले. काम कोणतं, कोणी केलं, कोणी तपासलं, सही. ज्याने केलं त्याने तपासायचं नाही. आणि तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावायचा नाही. मला हसू आलं होतं. खेळण्याएवढ्या विमानाला एवढा कायदा! पण बाबांनी पहिल्या ओळीत सही करायला उजव्या हातात पेन घेतलं, आणि माझं हसू गेलं. त्यांची सही एके काळी छापल्यासारखी यायची. कागदावर उमटलं ते पावसात गांडूळ सरकल्यासारखं काहीतरी. त्यांनी त्याकडे पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "चाल. पुढं."

मार्चपासून आमची शाळा सकाळची झाली. दुपारी बारा वाजता मी परस्पर त्यांच्याकडे जायची. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नसे, वाऱ्यावर मोहफुलांचा गोड आंबूस वास येई. कूलर लावता येत नसे, कारण त्याच्या वाऱ्याने बारीक तुकडे उडत. आम्ही दोघं खिडकीजवळ टेबलाशी घामाघूम बसायचो. आई दारातल्या खुर्चीवर. ती म्हणायची, "वेड लागलं तुमा दोघायले." पण उठून जायची नाही.

धडाचे दोन अर्धे भाग चिकटवले की मधोमध एक रेघ राहते. खऱ्या विमानाला ती नसते. ती घालवायची हे या कामातलं सगळ्यात वेळखाऊ. रेघेच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावायची, मधल्या फटीत कुल्फीच्या काडीने पुट्टी दाबायची, टेप लगेच सोलून काढायची आणि एक दिवस हात लावायचा नाही. पुट्टी वाळताना आत बसते, म्हणून पहिल्या दिवशी थोडी उंच ठेवायची. मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायचं. आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक. सपाट जागी पेपर काडीला गुंडाळायचा, गोल जागी खोडरबराला, नाहीतर गोलाईला सपाट डाग पडतो. हे सगळं मला बाबांनी शिकवलं, एकेक शब्द ओढून काढत.

"डोये बंद कर," ते म्हणायचे. "डोयाले फसवता येते. अंगठा फिरव."

अंगठ्याला खरंच कळायचं. डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या जागी नखाला बारीकशी ठेच लागायची. मग परत पुट्टी, परत एक दिवस.

डावा पंख माझा, उजवा त्यांचा, असं ठरलं होतं. त्यांचा उजवा हात टेबलावर यायचा, पेपर धरायचा, दोन-तीनदा बरोबर फिरायचा आणि चौथ्यांदा अचानक लांब निसटायचा. तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर उठायची. मी पाहत नसल्यासारखं करायची. पण मार्चच्या अखेरीस त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट चिमटीत यायला लागलं होतं. एक दिवस त्यांनी उजव्या हाताने भाताचे तीन घास खाल्ले. आईने पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

अडचण उजव्या पंखाच्या बुडाशी होती. पंख धडाला जिथे मिळतो तिथे चांगली फट राहिली होती, तांदळाचा दाणा आडवा बसेल एवढी. बाबांनी ती दोनदा भरली, दोनदा पुट्टी बसली. तिसऱ्यांदा ते घासायला बसले तेव्हा मी समोर होते. पंखाचा कोपरा आणि धडाची गोलाई यांच्या मधली ती जागा चिंचोळी. त्यांचा हात तिथे अडखळत होता, आणि अडखळला की ते जोर वाढवत होते. पाण्यात पुट्टीची पांढरी पेज होत होती. मग पेज करडी व्हायला लागली. म्हणजे पुट्टी संपून प्लास्टिक घासलं जात होतं.

"बाबा, थांबा जरा."

त्यांनी ऐकलं नाही.

"बाबा, प्लास्टिक पातळ होईल."

"मले माहीत हाय!"

हात निसटला नाही. उलट एकाच जागी, खूप जोरात, खालीवर चालत राहिला. त्यांना तो थांबवता येत नव्हता की थांबवायचा नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. मग एक बारीक टक असा आवाज आला. बाबांनी हात उचलला. पंखाच्या मागे, धडाच्या खांद्यावर, हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं. आतला अंधार दिसत होता.

 त्यांनी फडक्याने विमान पुसलं, खोक्यात ठेवलं, झाकण लावलं आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडले.

पुढचे चार दिवस त्यांनी हाताचा व्यायाम केला नाही. जेवताना चमचा डाव्या हातात घेतला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना परत पाठवलं. मी गेले की डोळे मिटून घ्यायचे. आई मला फाटकापर्यंत सोडायला येऊन हळूच म्हणायची, "कालपासून चार शब्द नाई बोलले." एप्रिल उजाडला होता. सहा महिन्यांतला सहावा महिना. मी शाळेत फळ्यावर तारीख लिहायची आणि मनात उरलेले दिवस मोजायची.

पाचव्या दिवशी ते झोपलेले असताना मी ते खोकं पिशवीत घालून घरी नेलं.

आमची पुट्टीची नळी संपत आली होती. बसस्टँडच्या मागे गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे मी गेले. विमान पाहून तो हात पुसत उठला.

"मॅडम, हे गाडीचं मटेरियल हाय. प्लास्टिकले धरते का नाई, सांगता नाई येत."

"थोडंसं द्या. पाहते."

"भोक हाय का? मंग नुसती पुट्टी नाई राहनार. मांगून आधार द्या लागते. गाडीलेबी पत्रा लावतो आमी."

त्याने सांगितलं तसंच केलं. उरलेल्या चौकटीचा एक पातळ तुकडा कापून भोकातून आत सरकवला, सुईने वर ओढून मागून चिकटवला, वर पुट्टी भरली. दुसऱ्या दिवशी दुपारभर घासलं. माझा हात धडधाकट होता. सहाशे नंबरचा पेपर, मग त्याहून बारीक हजारचा. शेवटी अंगठा फिरवला तर काही म्हणता काही लागलं नाही. मला फार बरं वाटलं. लाजेने सांगते, पण मला माझ्या हाताचं कौतुकही वाटलं.

खोकं परत नेलं आणि बाबांना उठवलं.

"बाबा, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलं. भोक नव्हतंच एवढं. तुमचीच पुट्टी वाळून बसली आहे बघा त्यात."

असं मी म्हणाले. शब्द न् शब्द आठवतो. आणि कागदावरच्या त्या कामापुढे, 'कोणी केलं' या रकान्यात मी त्यांचं नाव लिहून ठेवलं होतं. तपासणाऱ्याची सही तेवढी बाकी.

बाबा उठून बसले. विमान डाव्या हातात घेतलं, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग माझ्या डाव्या पंखाच्या बुडाशी फिरवला. मग परत उजव्या. आई दारातून पाहत होती. 

"हे कोनं केलं?"

"तुम्हीच."

"हे कोनं केलं, बाई?"

मला बाई म्हणाले की ते खरे रागावलेले असत.  त्यांनी कागद ओढला, आपलं नाव वाचलं.  विमान त्यांच्या हातून टेबलावर पडलं, चाकाचा एक दांडा मोडून उडाला.

"माहं नाव!" ते ओरडले. पुढचं मला कळलंच नाही, शब्द एकमेकांत अडकत होते. थुंकी उडत होती. चेहऱ्याची उजवी बाजू परत ओढल्यासारखी दिसली आणि मी घाबरले. परत तेच होतंय असं वाटलं. मी धावत गोळ्यांचा डबा आणला, आईने त्यांना खांद्याला धरून बसवलं.

"काऊन खोटं बोलली तू?" आई माझ्यावर ओरडली. "काऊन? सांगितलं असतं, मी केलं म्हनून!"

"त्यांना बरं वाटावं म्हणून केलं ना!"

"बरं वाटते का हे? पाय त्यायच्या तोंडाकडं!"

बाबांनी डावा हात वर केला. थांबा, असा. पाणी प्यायले. रक्तदाब पाहिला, थोडा वाढलेला होता. अर्ध्या तासाने तो उतरला. मग ते बोलायला लागले. एकेक वाक्य, मध्ये खूप थांबून. मी इथे ते जोडून सांगते आहे, पण तेव्हा ते असं सलग नव्हतं.

सव्वीस वर्षांचे असतानाची गोष्ट. त्यांच्यासोबत हँगरमध्ये एक मिस्त्री होता, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. एका शिकाऊ विमानाच्या पंखातली, विमान वळवताना सरकणारी सळी बदलायचं काम त्याने केलं. नियम असा की पंखाखालची झाकणी लावायच्या आधी दुसऱ्या माणसाने टॉर्च लावून आत पाहायचं आणि मग कागदावर सही करायची. बाबा तपासायला पोचले तेव्हा झाकणी लागलेली होती. आठ स्क्रू कसलेले.

"त्यानं विचारलं मले. भैया, खोलूं क्या? मी म्हनलो, रहने दे." बाबा थांबले. "मले गाडी पकडायची होती. सुट्टी मिळाली होती. तू झाली होती ना. आठ दिवसांची होती."

त्यांनी झाकणीवर हात फिरवला. कडा अगदी सपाट, कुठे काही लागत नव्हतं. सही केली. विमान उडालं. एक शिकवणारा, एक शिकणारा पोरगा. आणि अवजारं जागेवर ठेवताना बाबांना ट्रेमध्ये एक खाच रिकामी दिसली. एक स्क्रूड्रायव्हर कमी होता.

"कुठी शोधला नाई मी तो," बाबा म्हणाले. "खाली नाई, टेबलावर नाई. मले पहिल्याच क्षणी समजलं तो कुठी आहे ते."

ते धावत साहेबांकडे गेले. साहेबांनी शिकवणाऱ्याच्या कानातल्या रेडिओवर सांगितलं, सरळ ये, वळण हळू घे, हाताला काही अडकल्यासारखं वाटलं तर ओढू नको. शेजारच्या पोराला काही सांगू नको. मग बाबा आणि तो मिस्त्री धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. वीस मिनिटं असतील. आकाशात विमान दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता आणि तोही मध्येच जायचा. बाबा हे सांगताना खिडकीबाहेर पाहत होते, जणू अजून ऐकत होते.

विमान उतरलं. झाकणी उघडली. स्क्रूड्रायव्हर सळीपासून दोन बोटांवर आडवा पडला होता; सरकून अडकला असता तर विमान वळलंच नसतं.

"कोनाले काई झालं नाई मग," आई म्हणाली. "चांगलंच झालं ना."

"त्याले काढून टाकलं," बाबा म्हणाले. "मले फक्त ताकीद. मी येऊन सांगितलं म्हनून. चौकशीत विचारलं, झाकनी बंद होती तर सही काऊन केली? मी म्हनलो, त्यानं सांगितलं पाहून झालं. त्यानं असं सांगितलं नव्हतं. त्यानं तर खोलूं क्या म्हनलं होतं. तो समोर उभा होता. त्यानं माह्याकडे पाह्यलं, अन् गप्प राह्यला."

 बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर गेला.

आईचा आवाज आला तो वेगळाच, कोरडा. "म्हनून तुमी त्या टायमाले घरी आले अन् दोन दिवस पोरीले हातात नाई घेतलं. माही सासू म्हने, पोरगी झाली म्हनून नाराज हाय. मी चव्वेचाळीस वर्षं तेच समजून राह्यली."

ती उठली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती बाबांशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, गोळ्या द्यायची, पाठीला तेल लावायची, पण शब्द नाही. मला वाटलं, ती त्या दोन दिवसांसाठी रागावली आहे. मी तसं म्हटल्यावर ती भांडी घासता घासता म्हणाली, "माहं जाऊ दे. त्या मानसाचेबी घरी कोनी असन ना. त्याचं घर कसं चाललं असन?"

मी बाबांना विचारलं, त्याला शोधायचं का. त्यांनी नाव सांगितलं. त्या भागात दर दहा माणसांत एकाचं असावं असं नाव. दोन दुपारी मी फोनवर शोधलं. संस्था बंद पडली होती, तिथे आता घरं उठली होती. हाती काही लागलं नाही. बाबांनी मान हलवली. त्यांना तसंच होईल हे माहीत असावं.

त्यांनी मला एकच गोष्ट करायला लावली. माझी पुट्टी आणि आतला आधार काढायचा, भोक होतं तसं उघडायचं. मी सुरीने ते उकरत होते तेव्हा मला रडू येत होतं, आणि ते शांतपणे विमान धरून होते. कागदावरची त्यांच्या नावाची ओळ मी खोडली. मग भोक बुजवायला ते स्वतः बसले.

आधाराचा तुकडा भोकात सरकवायलाच त्यांना दोन दुपारी लागल्या. तो आत पडायचा, विमान उलटं करून हलवायचं, तो बाहेर यायचा, परत. उजव्या हातात सुई, डाव्यात विमान. पुट्टी भरताना अर्धी पंखावर सांडली. मी हात मागे बांधून बसले होते. खरंच, पाठीमागे बोटांत बोटं अडकवून. घासताना या वेळी जोर वाढला की ते स्वतः म्हणायचे, "थांब," आणि हात उचलून मांडीवर ठेवायचे. दहा मोजायचे. पुन्हा सुरू.

शेवटी एका दुपारी त्यांनी विमान माझ्यापुढे ठेवलं, कागदावर आपलं नाव लिहिलं, उजव्या हाताने, आणि म्हणाले, "तपास."

मी डोळे मिटले. अंगठा फिरवला. तिथे ठेच लागली. केसाएवढी, पण लागली.

मी डोळे उघडायच्या आधी किती विचार केला असेल! त्या दिवशी तर विमानच हातून पडलं होतं. परत चिडले तर? परत भिंतीकडे तोंड केलं तर? एप्रिल संपत आला होता. आणि कोण पाहणार होतं ते पंखामागचं? माझ्या हातात पेन होतं. समोर बाबांचा श्वास ऐकू येत होता, जरा जोरात चाललेला.

"रेघ लागते," मी म्हणाले. "धडाच्या बाजूने. सही नाही करत."

 त्यांनी विमान घेतलं, अंगठा फिरवला.

"बराबर," ते म्हणाले. "पुट्टी दे."

मी त्यांना तीनदा नापास केलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला एक शिवीही दिली, अगदी साफ उच्चारात, आणि आम्ही दोघं हसलो. दारातली आई हसली नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी सही केली. खरी केली. ती जागा माझ्या हातासारखी गुळगुळीत झाली नव्हती, किंचित उंचवटा होता, पण रेघ नव्हती, फट नव्हती.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बोलावलं होतं. आम्ही तिघं सकाळच्या एसटीने चंद्रपूरला गेलो. डॉक्टरांनी बाबांना अंगठ्याने एकेक बोट शिवायला लावलं. पहिलं, दुसरं, तिसरं शिवलं. करंगळी अर्ध्यात राहिली. चौथ्या प्रयत्नातही राहिली. "यापुढे एवढंच धरून चला," डॉक्टर म्हणाले, "पण हे पुष्कळ आहे." बाबांनी हात खिशात घातला आणि मान डोलावली.

परतताना मूलच्या स्टँडवर बस थांबली. ऊन माथ्यावर. ड्रायव्हर चहाला उतरला होता. बाबा खिडकीशी, मध्ये आई, कडेला मी. बाबा अचानक म्हणाले, कुणाकडेच न पाहता, "त्या पोरानं पेढे वाटले होते."

"कुठल्या?" मी विचारलं.

"शिकनारा पोरगा. त्या दिवशी विमान त्यानंच उतरवलं, पोराले शंका येऊ नये म्हनून शिकवनाऱ्यानं हात लावला नाई. पहिल्यांदाच एवढं चांगलं उतरलं म्हनून खूश. त्याले काईच माहीत नव्हतं. डबा घेऊन हँगरमध्ये आला. मलेबी दिला. मी खाल्ला."

 तेवढ्यात आई बोलली. कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

"अन् त्यानं? त्या मिस्त्रीनं खाल्ला का?"

"त्यानंबी खाल्ला," बाबा म्हणाले. "माह्याच बाजूले उभा होता."

 ड्रायव्हर चढला, बस सुरू झाली. आईने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि बाटली बाबांच्या उजव्या हातात दिली. बस खड्ड्यातून गेली तेव्हा तिने खालून आपला हात धरला, पण बाटलीला लावला नाही.